चिमटीनं खुडायची भाजी

आक्कांनी मला पहिल्यांदा जेवायला वाढलं तेव्हा मला भीती वाटली होती. त्यांच्याबद्दल तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. नुसतं त्यांचं वागणं बघूनच हात ताटावर थबकला होता.

उमरग्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात उपकेंद्रावर मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या दिवसाची गोष्ट. माझं माहेर-सासर दोन्ही परंड्याकडचं, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. ओळखीचं कुणी नाही. गावात एकाच घरी भाड्यानं खोल्या मोकळ्या होत्या, त्या आक्कांच्या. त्या मोकळ्या का होत्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी सामान लावून होतंय तोवर त्या ताट घेऊन आल्या. उंच, काटकुळ्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ज्वारीची भाकरी आणि कसलीशी हिरवी पालेभाजी. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "थांबा."

माझ्या ताटातला एक घास त्यांनी मोडून घेतला, भाजीत बुडवला, सावकाश चावून गिळला. मग हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसल्या. माझ्याकडं बघत. मीही बसले. बाहेर शेळ्या घरी आल्या, शेजारच्या घरात दिवा लागला, भाकरी गार होऊन वातड झाली, तरी त्या हलेनात. शेवटी म्हणाल्या, "मला काय झालं न्हाय. बगितलं न्हवं? आता खावा, शिस्टर."

ती पाथरीची भाजी होती. जराशी कडवट. मी चार घास खाल्ले आणि उरलेली त्या गेल्यावर कागदात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नळावर समोरच्या घरातली म्हातारी भेटली. ती आक्कांची नणंद. गावातल्या गावातच दिलेली, बोळ ओलांडला की तिचं दार. तिनं घागर भरता भरता मला सगळं ऐकवलं.

"तिच्या हातचं खाऊ नका, शिस्टर. माझ्या बापाला तिनं मारलं. लग्न हून तीन म्हैनं झालं हुतं तिचं. भाजी केली, बाप पैल्या पंगतीला बसला. दुपारच्याला हवेतलं कायबाय धरायला लागला. कुनाला वळखंना. मोकळं सुटल्यावानी रानाकडं पळाला, आन् हिरीत पडला. लोकं काढायला गेली तवर संपलं हुतं."

"पोलिसात नाही दिलं?"

"माझ्या भावानं पांघरूण घातलं. बायकू हुती न्हवं त्याची." तिनं घागर कमरेवर घेतली. "पन्नास वर्सं झाली. ह्या गावात तिच्या हातचं पानी बी कुनी पीत न्हाय."

तेव्हा मला कळलं की आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर बसलेली बाई आपली भाजी चांगली आहे हे मला दाखवत नव्हती. आपण खुनी नाही हे दाखवत होती.

खोली बदलावी असं आठवडाभर मनात होतं. पण दुसरी मिळेना, आणि ताट रोज येत राहिलं. रोज तोच एक घास, तीच वाट बघणं. हळूहळू मला त्याची सवय झाली. पुढंपुढं आम्ही त्या वेळात बोलायला लागलो.

आक्कांना जमिनीवर आपोआप उगवणारं सगळं माहीत होतं. तांदुळजा, घोळ, चिवळ, केना, कुर्डू, तरवट्याचे कोवळे शेंडे. कापल्यावर दगडीपाला चोळायचा, खोकल्याला अडुळसा, गुडघा सुजला की निरगुडीचा शेक. पण त्या हे कुणाला शिकवायच्या नाहीत. मी फार मागं लागले तेव्हा म्हणाल्या, "आधी मारनारी वळखा. खायची मागनं."

आणि खरंच पहिले चार-सहा महिने त्यांनी मला खायचं एक पानसुद्धा दाखवलं नाही. सुट्टीच्या दिवशी बांधाबांधानं फिरवायच्या आणि नुसतं विष दाखवायच्या. हा धोतरा. फूल आल्यावर कुनीबी वळखतंय, फूल यायच्या आधी वळखा. ही कण्हेर. ही गुंज, लाल बी, पोरं खेळाय घेत्यात. ही कुंपणाची चंद्रज्योत, बी शेंगदान्यागत गोड लागतंय. मी शेतकऱ्याची मुलगी. लहानपणापासून जसल्या बांधांवरून अनवाणी पळाले, तसलेच हे बांध मला एकाएकी परके वाटायला लागले. पाय टाकताना खाली बघायला लागले.

फवारणीचं तर त्यांना वेडच होतं. तणनाशक कुणाच्या रानात, कोणत्या बांधाला, कधी मारलं, सगळं तोंडपाठ. दिसायला हिरवीगार भाजी असायची आणि त्या माझा हात मागं ओढायच्या. "बेडा!" कानडीत, म्हणजे नको. "ह्या वर्सी हिकडं बगायचं बी न्हाय."

खुडायची त्यांची एक रीत होती. एकेक शेंडा, दोन बोटांत धरून, उलटा करून बघून मगच दुरडीत. मी घाई केली की हातावर चापट बसायची. "मुठीनं खुडू नका. चिमटीनं खुडा. मुठीत काय आलं ते मुठीला कळत न्हाय."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एरवी त्यांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं त्यांच्या दारात उभी राहिली. गुळवेल पाहिजे होती. आक्कांनी आतून कडी घातली. लोकांनी शिव्या दिल्या, म्हातारी आपल्यापुरतं ठेवती म्हणाले. मीही म्हटलं, द्या की थोडी. तर म्हणाल्या, "पातेलंभर उकळून पितील शिस्टर, रोज. कोनत्या झाडावरची, किती, कुनी इचारनार हाय का? आन् कुनाला काय झालं तर नाव कुनाचं?" पुढं एक माणूस खरंच आपल्या मनानं रोज तांब्याभर काढा पिऊन हळदीसारखा पिवळा झाला. त्याला मी सोलापूरला पाठवलं. तो घरी परत येईपर्यंत आक्का रोज मला त्याची तब्येत विचारत होत्या, जणू त्यांनीच पाजला होता.

तीन वर्षांनी मला वाटायला लागलं, आता आपल्याला कळतंय.

त्या श्रावणात उमरग्यात रानभाज्यांचा महोत्सव ठरला. आमच्या गावच्या बचत गटाला स्टॉल मिळाला. मी आक्कांना म्हटलं, तुम्ही चला, तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? गावाची तोंडं कायमची बंद होतील.

"बेडा."

"का पण?"

"शंभर मानसं खानार. शंभर जनांपुढं घास खाऊन वाट बगत बसू का म्या?" त्या उठून उभ्या राहिल्या. "तुमी बी जाऊ नका."

"मग मी करते भाजी," मी म्हटलं. मला रागच आला होता.

महोत्सवाच्या दिवशी पहाटेच उठले. झुंजूमुंजू झालं होतं, आभाळ भरलेलं. बांधावर जायला वेळ नव्हता. उकिरड्याच्या कडेला तांदुळजा माजला होता, लुसलुशीत, गुडघ्याएवढा. उकिरड्यावरचं घ्यायचं नाही असं आक्का सांगायच्या. पण मला टोपली भरायची होती. मी मुठीमुठीनं खुडला. घरी आणून धुतला, चिरला, लसूण-मिरची आणि मुगाची डाळ घालून मोठं पातेलंभर भाजी केली. मीठ बघायला चाखली, चांगली झाली होती. मग अर्धी भाकरी तिच्याशी खाल्ली आणि गटातल्या दोघींबरोबर टेम्पोत बसले. आक्का तोवर रानात गेल्या होत्या.

सभागृहात स्टॉल लावताना तोंडाला कोरड पडली. पाण्याची एक बाटली संपवली, दुसरी संपवली, जीभ ओली होईना. समोरच्या फलकावरची अक्षरं पुसट दिसत होती. जागरण झालंय, मी स्वतःला म्हटलं. छाती धडधडत होती, तेही मी स्पर्धेवर ढकललं. चव बघणारे पाहुणे एकेक स्टॉल करत पुढं येत होते. आमच्या आधी दोनच उरले होते.

तेवढ्यात दारातून आक्का आत आल्या. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, श्वास लागलेला. गाव सोडून त्या कधी कुठं जात नसत. त्या सरळ आमच्या टेबलापाशी आल्या, पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर पालथं केलं.

"कुनी खाल्ली? ह्यातली कुनी खाल्ली?"

बायका ओरडल्या. कुणीतरी त्यांचा दंड धरला. सगळं सभागृह आमच्याकडं बघायला लागलं. आक्कांनी मूठ उघडून माझ्यापुढं धरली. मुठीत एक देठ होता, वरचा शेंडा ताजा खुडलेला, खाली एक पान राहिलेलं. उकिरड्याच्या कडेला तसे पाच-सहा देठ त्यांना दिसले होते.

फूल यायच्या आधीचा धोतरा. मी लगेच ओळखला. उजेडात, एकटा असताना ओळखला.

"मी," मी म्हटलं. "मी सकाळी अर्धी भाकरी खाल्ली."

त्यांनी माझी हनुवटी धरून माझ्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या असतील, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. "अय्यो, शिवा," एवढंच म्हणाल्या आणि मला ओढत बाहेर घेऊन निघाल्या.

दवाखाना जवळच होता. नाकातून नळी घातली, पोट धुतलं. मी नर्स. पुढं काय काय होणार ते मला क्रमानं माहीत होतं. आधी कोरड, मग नजर जाणार, अंग तापणार, आणि मग डोकं. मरायची भीती होतीच, पण सगळ्यात जास्त भीती वेगळीच होती. थोड्या वेळानं आपण घाबरलोय हेसुद्धा आपल्याला कळणार नाही, ही.

तसंच झालं. चादरीवर मुंग्या आल्या, लाखोंनी. मी त्या वेचायला लागले. हवेत धागे लोंबत होते, ते ओढायला लागले. सलाइनच्या बाटलीशेजारी माझी आई उभी होती, आणि तिला चेहरा नव्हता. खिडकीबाहेरून कुणीतरी मला हाक मारत होतं आणि मला तिकडं जायलाच पाहिजे होतं. माझी दोन्ही मनगटं कुणीतरी धरून ठेवली होती. मी त्या हातांना ओरबाडलं, चावले. ते हात सुटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भान आलं तेव्हा आक्का खाटेवर बसलेल्या होत्या. कोपरापर्यंत ओरखडे. "नाव सांग तुजं," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. मग त्यांनी माझे हात सोडले. त्या दिवसापासून त्यांनी मला 'तुमी' म्हणायचं सोडलं.

विषबाधा म्हटल्यावर पोलिसांत कळवावं लागतं. तिसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आले. भाजी कुणी आणली, त्यांनी विचारलं. मला नीट आठवत होतं. ओला पाला, उकिरड्याचा वास, मुठीत मोडणारे देठ. पण डोळ्यांसमोर आलं ते उपकेंद्र. आरोग्य खात्याची बाई गावाला धोतरा खाऊ घालायला निघाली होती. नोकरी गेली तर?

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान हलवली. ह्या विषात असं होतं, आधीचंही पुसलं जातं.

"मग म्हातारी सांगतेय ते बरोबर," जमादार म्हणाले. "ती म्हणते भाजी तिनंच आणून दिली."

मी भिंतीकडं तोंड केलं.

घरी आले तर आक्कांच्या दारावर शेण फेकलेलं होतं. त्या पाणी मारून दार धूत होत्या. नणंद बोळात उभी राहून ओरडत होती, "पन्नास वर्सांनी परत तेच! माझ्या बापाला मारून जीव भरला न्हाय तुजा!" नळावर बायका माझ्याभोवती जमल्या. शिस्टर, वाचलात. शिस्टर, आमी सांगत हुतो. मी मान खाली घालून पाणी भरलं. तसे आठ दिवस गेले. जमादार पुन्हा गावात येणार, सगळ्यांचे जबाब घेणार आणि म्हातारीला ठाण्यावर नेणार, असं पोलीस पाटील म्हणाले.

त्या दुपारी मी आक्कांच्या स्वयंपाकघरात गेले.

"तुम्ही खोटं का सांगितलं?"

त्या ज्वारी निवडत होत्या. "माझ्यावर हायच की एक. दुसऱ्यानं काय हुतंय? तुजी नोकरी हाय."

"पण पहिलं तरी तुम्ही केलं होतं का?"

त्यांचा हात सुपात थांबला.

"पाला सासूनं खुडला हुता," त्या म्हणाल्या. "उकिरड्यावरनं, घाईघाईनं. म्या चिरला आन् चुलीवर ठिवला. नवी नवरी, मला काय ठावं? मामंजी पैले जेवायला बसले. दुपारी ते तसं कराय लागले, तवा सासूनं दुरडी बगितली. तळाशी पाला उरला हुता. तिनं तो उचलला आन् माझ्यासमूर चुलीत घातला. माझ्याकडं बगितलं. म्या बी बगितलं. बास."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगायचं त्यांनी हुतं."

बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. आक्का पुन्हा निवडायला लागल्या. "वीस वर्सं जगल्या त्या माझ्याजवळ. सगळं गाव माझ्या हातचं खायला भ्यायचं. त्या एकट्या बिनघोर खायच्या. त्यास्नी ठावं हुतं न्हवं."

मी तिथून उठले आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून बसले. चुलीसमोर उभी असलेली ती सासू मी कधी पाहिली नव्हती, पण तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तो माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमादार आले. पोलीस पाटील होते, बचत गटाच्या बायका होत्या, नणंदही येऊन बसली होती. आक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. मी पुढं गेले. जमादारांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"मला सगळं आठवतंय," मी म्हटलं. "भाजी मी खुडली. मीच शिजवली. आक्कांचा त्याला हातसुद्धा लागलेला नाही. त्या आल्या नसत्या तर तुमच्यातल्या निम्म्या माझ्यासारख्या खाटेवर पडल्या असत्या. आणि पन्नास वर्षांपूर्वीची भाजीही त्यांनी खुडली नव्हती. त्यांच्या सासूबाईंनी खुडली होती."

एका बाईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. आक्का खांबापासून निघाल्या आणि घराकडं चालायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

पुढं मला नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, आणि परंडा तालुक्यात माझी बदली झाली. आक्कांवरचं प्रकरण तिथंच मिटलं. हे सगळं व्हायचं ते झालं. पण त्या दिवशी दुपारी जे झालं ते माझ्या नजरेसमोरून जात नाही.

मी घरी आले तेव्हा नणंद आक्कांच्या पायरीवर बसली होती. दार आतून बंद. मागच्या दारानं मी आत गेले. आक्का कडीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मला भ्या वाटतंय गं," त्या कुजबुजल्या. "शिव्या दित असती तर उगडलं असतं. ती रडतीया."

बाहेरून नणंदेचा आवाज आला. "वैनी. आईनं मला सांगितलं हुतं. मरायच्या आदल्या दिशी. म्या कुनाला बोलले न्हाय. आईचं नाव कसं घिऊ?"

आक्कांनी कडी काढली. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. नणंद उठायला गेली, पण तिला उठवेना.

"आत्याबाई, तुजी आई, जाऊन किती सालं झाली?" आक्कांनी विचारलं.

"तीस व्हायला आली."

"तीस," आक्का म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "तीस सालं म्या रोज तुझ्या दारावरनं जात हुते."

नणंद मोठ्यानं रडायला लागली. आक्का रडल्या नाहीत. त्या तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होत्या, बोळाच्या त्या बाजूच्या दाराकडं. ते चार पावलांवर होतं.